नळी वाढवली

डोंगर मला आता पाण्यात पाहावे लागतात. आषाढात खाचरे भरली की कार्ल्याच्या रस्त्याकडेला एखाद्या बांधाशी उभे राहावे. समोरचा डोंगर त्या पाण्यात उलटा उतरलेला असतो आणि त्याला पाहण्यासाठी मान वर करावी लागत नाही. लावणी होऊन रोपे दाट झाली की तोही दिसेनासा होतो.

लाजाळू माणसाची मान तशीही खालीच असते. त्यामुळे माझी मान आपणहून खाली राहू लागली आहे हे इतरांच्या तर सोडाच, माझ्याही फार उशिरा लक्षात आले. लोणावळ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवत असे. फळ्याच्या वरच्या भागात लिहिताना खांदे भरून येत, म्हणून मी हळूहळू खालच्या अर्ध्यातच लिहू लागले. मागच्या बाकांवरून ‘बाई, ऐकू येत नाही’ ही तक्रार पहिल्यापासून होतीच. तिच्यात ‘बाई, दिसत नाही’ची भर पडली. निवृत्त झाले तेव्हा मुलींनी निरोपाच्या फलकावर माझे चित्र काढले होते. त्यात मी पुस्तकात डोके घातलेले होते. सगळ्यांना ते अगदी हुबेहूब वाटले.

दुखण्याचे नाव कळले तेव्हा मला धक्का बसला नाही, ओळख पटली. मणक्यांचा हा संधिवात माझ्या वडिलांना होता. त्यात मणके हळूहळू एकमेकांना धरतात आणि पुन्हा सोडत नाहीत. वडिलांची हनुवटी शेवटी छातीला टेकली होती. दारात कोणी आले की ते चपला पाहून नाव सांगत, आणि नाव बहुधा बरोबर येई. पाहुण्यांना त्याचे मोठे कौतुक वाटे. मला त्या कौतुकाची इतकी भीती बसली की आजही कोणाच्या नव्या चपलांकडे लक्ष गेले, तर मी नजर झटकन दुसरीकडे नेते.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी पाठीचे फोटो उजेडावर धरून समजावले. “औषधांनी वेग कमी होईल. बाकीचं तुमच्या हातात. हलत राहा. ज्या आकारात थांबाल, त्या आकारात राहाल.” चालत राहिले असते, पण याच दुखण्याने टाचा धरल्या होत्या आणि तुंगार्लीच्या चढावर मी निम्म्यातच कोणाच्या तरी कुंपणाला धरून उभी राहत असे. “मग सायकल,” त्या म्हणाल्या. “पण ताठ बसून. पुढे वाकून अजिबात नाही.”

मला सायकल येत नव्हती. माझ्या वयाच्या मुली तेव्हा शिकत नव्हत्या असे नाही. मी शिकले नाही, कारण शिकताना लोक बघतात. ती आता, केस पांढरे झाल्यावर, कुरवंड्याच्या माळावरच्या रस्त्यावर शिकले. तेही आठवड्याच्या मधल्या वारी, पर्यटक नसतील असे पाहून. पर्यटक नव्हते, पण म्हशी चारायला आलेली एक मावशी रोज बांधावर बसून पाहत असे. मी हँडल धरून थरथरत पुढे सरकले की ती ओरडे, “पडा की येकदा, बाई! पडल्याबिगर भ्या जात न्हाई!” एकदा पडले. ती उठून आली, माझे ढोपर पाहिले, “झालं. आता येनार तुमाला,” म्हणाली आणि म्हशींकडे परत गेली. आणि खरोखरच आली.

पण ती उसनी लेडीज सायकल होती. तिचे हँडल निघेल तेवढे वर ओढले, तरी थोडे अंतर गेल्यावर मला पुढचे चाक आणि त्याच्यापुढची हातभर डांबरी एवढेच दिसे. पुढून वाहन येते आहे हे आवाजावरून कळे. गिअर नसल्याने चढावर उतरून ढकलावी लागे, आणि ढकलायचे म्हणजे पुन्हा टाचा. माझ्या पाठीला चालेल अशी सायकल कोणत्याही दुकानात नव्हती. ती बांधूनच घ्यावी लागणार होती.

कार्ल्याला हमरस्त्याच्या कडेला एक फॅब्रिकेशनची शेड आहे. लोखंडी गेट, जिने, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या हे तिथले काम, आणि सायकली बांधणे हा तिच्या मालकांचा नाद. मी त्यांना भाऊ म्हणते. शेडच्या तोंडाशी, पत्र्याच्या वळचणीखाली, त्यांच्या पत्नीची कणसे भाजण्याची शेगडी असते. त्या वहिनी. भाऊंनी माझ्या मापाने सायकलचा सांगाडा बांधला. पुढचा चिमटा मात्र विकत आणावा लागला, आणि इथून पुढची सारी गोष्ट त्या चिमट्याची आहे.

पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये बसते तो चिमटा. त्याच्या डोक्यावर एक उभी नळी असते. ती सांगाड्याच्या पुढच्या पाइपातून वर निघते आणि तिच्या शेंड्याला हँडल आवळले जाते. नळी जेवढी वर निघेल तेवढेच हँडल वर येणार. नवा चिमटा लांब नळीचा येतो. ज्याच्या त्याच्या मापाने ती कापायची असते, आणि एकदा कापली की संपले. ती सांधू नये म्हणतात, कारण माणसाच्या दोन्ही हातांचा भार तिच्यावर असतो. पुण्याच्या दुकानदाराने शोधून माझ्यासाठी सर्वांत लांब नळीचा चिमटा आणला आणि देताना सांगितले, “एवढ्या लांबीचा हा शेवटचा. पुढे येणार नाहीत.”

सांगाड्याच्या पाइपाची उंची, वरखालच्या बेअरिंगच्या कपांची जाडी, हँडल धरणाऱ्या तुकड्याची उंची: ही बेरीज कोणालाही जमेल. माझी बेरीज त्याच्या पुढे सुरू होत होती. त्याच्याही वर उरणारी नळी मला कापायची नव्हती. तिच्यावर कड्या चढवून ठेवायच्या. पाठ जसजशी वाकत जाईल, तसतशी वरची एकेक कडी काढून हँडलाच्या खाली घालायची, म्हणजे हँडल तेवढे वर सरकेल आणि मी तेवढी ताठ बसेन. दिसायला ती चार बोटांची निरुपयोगी नळी होती. मी मात्र तिच्याकडे पाहत असे ते वडिलांच्या आणि माझ्यामध्ये उरलेले अंतर म्हणून.

मापाच्या दिवशी भाऊंनी सांगाडा लोखंडी घोडीवर बांधला आणि मला वर बसवले. दुपार होती. पुढे एक पाइप धरून ते वर-खाली करू लागले.

“हात ठिवा. हितं कसं वाटतंय?”

“बरं वाटतंय.”

“आता?”

“तेही बरं आहे.”

“बाई, तुमाला समदंच बरं वाटतंय. माप कुटलं घ्यायचं मी?”

वहिनी शेगडीवरून म्हणाल्या, “त्या बिचाऱ्या मोकळेपणानं बोलतील तर ना! तुमी ते मशीन बंद करा आदी.”

मशीन बंद झाले नाही, कारण मागे भाऊंचा कारागीर गेटच्या सळ्या घासत होता. भाऊंनी नळीवर खडूने खूण केली आणि वर उरलेल्या भागाला बोट लावले. “एवढी वर निघाली तर सायकल दिसंल कशी? बोकडाच्या शिंगावानी.”

मी हसले. हसता हसता म्हणाले, “वरची राहू द्या, भाऊ. मला पुढे लागणार आहे.”

“व्हय, व्हय,” भाऊ म्हणाले. त्यांना ऐकू आले असावे असे मी धरून चालले. आयुष्यभर मी तसेच धरून चालत आले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा रोजच्यासारखी पाठ लाकडाची झालेली होती. या दुखण्याची ती रीत आहे: रात्रभर स्थिर राहिलेले शरीर सकाळी कुलूप घातल्यासारखे असते आणि हालचालीने दुपारपर्यंत थोडे सैल होते. मी खुर्चीच्या कडेला बसले, भाऊंनी धरलेल्या उंचीला हात पुढे केले आणि समोर पाहायचा प्रयत्न केला. नजर जेमतेम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचली. भिंतीवरचे घड्याळ तर सोडाच, खिडकीची चौकटही दिसेना. मी दुपारच्या पाठीचे माप देऊन आले होते. सायकल मात्र मला सकाळी हवी होती, पाठीचे ते कुलूप उघडण्यासाठीच.

फोन करायला मला नेहमी वेळ लागतो. वाक्य आधी मनात जुळवावे लागते. त्या दिवशी तसा वेळ घेतला नाही. फोनमध्ये घासण्याचा कर्कश आवाज होता.

“भाऊ, त्या खुणेवर नको! वर पाहिजे. सगळी राहू द्या नळी.”

“काय? नळी व्हय?”

“नळी! वर पाहिजे!”

“वाढवतो की, बाई! आत्ताच वाढवतो. आज दिसबी चांगला हाय.”

“वाढवताय ना? नक्की?”

“नक्की. तुमी बिनघोर ऱ्हावा.”

मी बिनघोर राहिले. नळी मुळात एवढी लांब असताना ती आणखी कशी वाढवणार, हा प्रश्न गणित शिकवणाऱ्या बाईला पडायला हवा होता. मी समजले, खूण वाढवणार, वर सरकवणार. माणूस बुडत असताना दोरीची वीण तपासत नाही. चहा केला, तो गॅलरीत उभी राहून प्यायले, आणि बऱ्याच दिवसांनी शेजारच्या आजोबांशी आपणहून दोन वाक्ये बोलले.

सायकल तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा बसने कार्ल्याला गेले. शेडपुढे ती उभी होती, हिरवी. हँडलला झेंडूची माळ, घंटीला हळदकुंकू, आणि पुढच्या चाकाशी एका ताटलीत नारळाच्या दोन वाट्या. मी जवळ गेले. हँडल नळीच्या अगदी शेंड्यावर बसले होते आणि त्याच्यावर काळे टोपण घट्ट बसवलेले होते. त्या टोपणाच्या वर काही नव्हते. मी तिथे हात फिरवून पाहिला, जसा अंधारात पायरी आहे का ते पायाने पाहावे तसा.

“कशी झालीय?” भाऊ विचारत होते. “येक टांग मारून बघा.”

“वरची नळी?” मी विचारले.

“ही काय!” वहिनींनी शेगडीच्या कडेचा एक लोखंडी तुकडा उचलला. चार बोटांचाच होता. “मी म्हनलं फुकनी व्हईल निखाऱ्याला. पर मेला लय आखूड. ह्याच्यानं फुकाय गेलं तर मिश्या जळत्याल.”

“तुला कुटल्या आल्या मिश्या?” भाऊ म्हणाले.

“तुमच्या जळत्याल. मी तुमालाच फुकाय लावनार व्हते!”

दोघेही हसले. नंतर माझ्याकडे पाहून वहिनींचे हसू आधी थांबले.

“तुम्ही वाढवतो म्हणाला होता,” मी म्हणाले.

“वाढवली की,” भाऊ म्हणाले. “खुनंवर. बराब्बर खुनंवर.”

“मी फोनवर सांगितलं, वर पाहिजे.”

“आता नळी म्हनल्यालं ऐकू आलं. वर काय ते…”

वहिनींनी कपाळावर हात मारला. “अवं, बाईंस्नी वाटलं तुमी लांब करनार! बाई, ह्यांच्या तोंडात नव्या गाडीला ‘काप’ यायचंच न्हाई. ह्यांच्या वडलांपास्नंची रीत. कापायचं म्हनत न्हाईत, तोडायचं म्हनत न्हाईत. वाढवायचं म्हनत्यात. आता त्यो नारळ बगा ताटलीत. वाढवलाय. म्हंजी काय मोठा केलाय व्हय?”

मराठीत बांगडी फुटत नाही, वाढते. दिवसाच्या शेवटी दुकान बंद होत नाही, वाढवले जाते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही; माझ्या आईची बांगडी माझ्यासमोर कितीदा वाढली असेल. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून त्याच्या जागी आपण त्याच्या उलट अर्थाचा शब्द ठेवतो आणि तो कोणालाही फसवत नाही. फक्त ज्या एका ठिकाणी त्याचा सरळ अर्थही तितकाच बसतो, तिथे तो फसवतो. भाऊंनी माझे वाईट होऊ नये म्हणूनच तो शब्द वापरला होता.

मला ओरडता आले असते तर बरे झाले असते. मी नुसतीच “असू दे” म्हणाले आणि शेडच्या मागे चालत गेले. मागे खाचर होते, लावणी झालेले. कोवळ्या रोपांच्या मधून मधून पाणी दिसत होते आणि त्यात डोंगराचे तुकडे. मी पाहत राहिले, पण तुकडे जुळेनात. वडिलांच्या खोलीतला उंबरा दिसत होता आणि त्याच्यापलीकडे ओळीने चपला. एवढ्या लांबीचा तो शेवटचा चिमटा होता. मला किती वर्षे ताठ बसायला मिळणार होते हे कोणी सांगितले नव्हते. पण जेवढी मिळणार होती त्यांची जागा मी त्या चार बोटांत करून ठेवली होती, आणि ती आता कणसांच्या राखेशेजारी पडली होती. नवे काय शोधायचे, कोणाकडे जायचे, पुन्हा कोणाला कसे समजावायचे, यातले काहीच सुचेना. बांधावर बसावेसे वाटत होते, पण खाली बसले तर कोणाच्या मदतीशिवाय उठता येणार नव्हते. तशीच उभी राहिले.

भाऊ मागून आले. 

“आतनं दुसरी नळी घालून सांधून दिऊ का?”

“नको. उतारावर सुटली तर तोंडावर आपटेन.”

“त्ये बी खरंच.” मग थांबून, “पर तुमाला येवढी वर कशाला पायजे व्हती, बाई? खुनंवर तर तुमी बरं वाटतंय म्हनला.”

मागे मशीन नव्हते. वहिनींनी कारागिराला चहाला बसवले होते. मी सांगितले. वडिलांची हनुवटी, चपला, सकाळची पाठ आणि दुपारची पाठ, कड्या खाली-वर करण्याचा हिशेब, सगळे. घरातल्या कोणाला एवढे सलग सांगितले नव्हते. भाऊंनी मधे एकदाही ‘व्हय’ म्हटले नाही.

“असं व्हय,” शेवटी ते म्हणाले. “मंग ह्ये मापाच्या दिशी का न्हाई बोललात?”

“बोलले होते, भाऊ.”

“ऐकू न्हाई आलं.”

“माहीत आहे.”

आम्ही शेडकडे वळलो. परत आलो तेव्हा वहिनींनी मला न विचारता एक कणीस भाजून हातात दिले. मीठ-तिखट जरा जास्तच लावले होते. डोळ्यांतून पाणी यायला तेवढे निमित्त पुरले.

पुण्याच्या दुकानातून पुढे एक जोड मिळाला. कापलेल्या नळीच्या शेंड्यावर तो वरून आवळून बसवायचा आणि हँडल त्याच्यावर. त्याने दोन बोटे उंची मिळते. त्या जोडावर दुसरा जोड चढवू नये, असे दुकानदाराने दोनदा बजावले. भाऊंनी तो बसवायला मला मुद्दाम सकाळी बोलावले, पहिल्या बसने, अंग मोकळे होण्याआधी. मी पोहोचले तेव्हा कारागीर बाहेर बसून होता आणि शेडमध्ये कसलाही आवाज नव्हता. भाऊंनी सांगाडा घोडीवर बांधला, मला वर बसवले आणि समोर रस्त्याकडे बोट केले.

“काय काय दिसतंय त्ये सांगा. बरं वाटतंय म्हनायचं न्हाई.”

“रस्ता दिसतोय. पलीकडची टपरी. टपरीवरचा माणूस.”

“त्याचं त्वांड दिसतंय?”

“दिसतंय.”

“टोपी?”

मी पाहिले. “नाही.”

भाऊंनी हँडल आणखी वर सरकवायचा प्रयत्न केला. जोड संपला होता. “बास,” ते हळूच म्हणाले. “हितं संपलं.” आणि त्यांनी नट आवळले.

तेव्हापासून मी सकाळी सायकल चालवते. टाचांना भार पडत नाही, आणि परत येईपर्यंत पाठ पुष्कळच सैल होते, हे खरे आहे. डॉक्टरबाई खूश आहेत. पण मला एक सवय लागली आहे, ती मी त्यांना सांगितलेली नाही. रस्त्याने जाताना माणसे कुठपर्यंत दिसतात ते मी पाहत असते. पहिल्या दिवसांत समोरून येणाऱ्यांचे चेहरे पुरते दिसत, कपाळासकट. आता थंडीच्या सकाळी हनुवटी आणि ओठ दिसतात. ऊन चढल्यावर डोळे. हँडलाच्या खाली घालायला कडी उरलेली नाही, आणि वर टोपण आहे.

परवा भाऊंच्या शेडवरून गेले. ते दारात उभे होते. त्यांनी हात वर केला असावा. हात मला दिसला नाही. सदऱ्याचा खांदा वर ओढला गेला, तेवढा दिसला आणि त्यावरून मी ओळखले. वहिनींचा आवाज आला, “बाई, थांबा की! कनीस खाऊन जावा!” थांबले तर पाठ आखडेल म्हणून मी थांबले नाही. “येताना येते!” असे म्हणाले, आणि त्यांना ऐकू गेले की नाही याची खात्री नव्हती, म्हणून पुन्हा एकदा, मला येते तेवढ्या मोठ्याने, ओरडले.